बिडी सोडायला यंत्र कोणते घ्यावे?



कोणता फवारणी पंप घ्यावा, बॅटरीवरचा की पेट्रोलवरचा, हे विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना उत्तर देणे माझे कामच आहे. अलीकडे मात्र हातखंब्याच्या तिठ्यावर, पालीच्या बाजारात, अगदी ग्रामसभा आटोपल्यावरसुद्धा, हळूच बाजूला घेऊन एका वेगळ्याच यंत्राविषयी विचारले जाते. "साहेब, पोराने मुंबईहून पेनासारखी वस्तू आणलान. म्हणतो, बाबा, बिडी टाका नि ही ओढा. ही बरी, की दुसरी कुठची घेऊ?" कोणाचा भाऊ दुबईला असतो, त्याने तिथून आणलेली असते. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, चढण चढताना दम लागू लागलेले, आणि बिडी सोडावी असे मनापासून वाटणारे असतात. म्हणून या खेपेला मोहोराचे राहू द्या, या यंत्राचेच बोलू.

या वस्तूला ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात. २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने तिला आजचे रूप दिले. आत एक लहान बॅटरी, तारेचे एक वेटोळे आणि निकोटिन मिसळलेला पातळ अर्क असतो. तो अर्क ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल या दोन द्रवांत कालवलेला असतो. ओढले की तार तापते, अर्काची वाफ होते आणि ती छातीत जाते. जळत काहीच नाही. राख नाही, थोटूक नाही.

आता पोराचे म्हणणे अगदीच खुळे आहे असे समजू नका. बिडीत दोन गोष्टी असतात, निकोटिन आणि धूर. निकोटिनची सवय लागते, ते माणसाला पुन्हा पुन्हा बिडीकडे ओढून नेते. पण छाती जाळणारा, रक्तवाहिन्या खराब करणारा आणि कर्करोगाला निमंत्रण देणारा मुख्य भाग धुरातला. बिडी तर सिगारेटपेक्षा सौम्य असे जे आपल्याकडे समजले जाते ते साफ चुकीचे आहे. टेंभुर्णीचे पान कागदासारखे हवा खेळू देत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि जोराने मारावे लागतात. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटपेक्षा जास्तच आत जातो. धूर टाळून नुसते निकोटिन घेतले आणि मग तेही हळूहळू कमी करत नेले तर माणूस सुटू शकतो, हा विचार शास्त्राला धरून आहे.

इंग्लंडात याच विचाराने २०२३ पासून सरकारनेच सिगारेट ओढणाऱ्यांना अशी यंत्रे देण्याची योजना आखली. तिथल्या नवख्या माणसाला सल्ला मिळतो तो असा : साधे, लहान यंत्र घ्या, दिवसाला किती सिगारेटी ओढता त्यावरून अर्काची तीव्रता ठरवा, आणि यंत्र व सिगारेट दोन्ही एकदम चालू ठेवू नका. तिथे कायद्याने एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमच्या वर निकोटिन घालता येत नाही, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसते आणि तिचे झाकण मुलांना उघडता येऊ नये असे असावे लागते. अभ्यासांच्या एकत्रित तपासणीतही असे दिसले आहे की, गोळी किंवा पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा हे यंत्र वापरणारे थोडे अधिक लोक सिगारेटमधून सुटतात. मात्र त्यातले बरेच जण पुढे यंत्रालाच चिकटून राहतात. जागतिक आरोग्य संघटना व्यसन सोडवण्यासाठी त्याची शिफारस करीत नाही. जाणकारांतच एकमत नाही म्हणा ना.

पण इंग्लंडातला सल्ला हातखंब्यात चालत नाही, आणि याचे कारण केवळ कायदा नव्हे. तरी आधी कायदा सांगतो. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी संसदेत कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुबईत २०१९ पासून विक्रीला परवानगी आहे हे खरे. परंतु तिथे बिल देऊन घेतलेली वस्तू इथल्या विमानतळावर उतरली की ती बंदी असलेल्या मालाची आयात ठरते. शेजाऱ्यासाठी म्हणून दोन-चार नग आणणाऱ्या पोराला हे ठाऊक नसते. त्याला कोणी तरी सांगायला हवे.

दुसरे कारण आमच्या खात्यातले आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही कृषी सेवा केंद्रात औषध घ्यायला जाता तेव्हा आम्ही काय बजावतो? बिल घ्या, बॅच नंबर पाहा, मुदत पाहा, त्रिकोणाचा रंग पाहा, सील फुटलेले घेऊ नका. त्याचे कारण असे की विष वापरायला हरकत नसते, पण ते कोणते आणि किती हे माहीत असावे लागते. चोरवाटेने आलेल्या या पेनावर जे छापलेले असते ते खरे की खोटे, हे इथे कोणीही तपासत नाही. दोन टक्के लिहिलेल्या अर्कात पाच टक्के निकोटिन असले तरी जाब विचारायला जागा नाही. २०१९ साली अमेरिकेत अशाच आडबाजाराने घात केला. गांजाच्या अर्काच्या नळकांड्यांत कोणी तरी दाटपणा आणायला व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नावाचे तेल मिसळले. पोटात गेले तर बाधत नाही असे हे तेल, पण वाफेबरोबर फुप्फुसात गेले. फेब्रुवारी २०२० पर्यंत फुप्फुसाच्या या आजाराने २,८०७ माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि ६८ दगावली. ही भेसळ निकोटिनच्या अर्कात नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण बिनतपासणीचा माल म्हणजे काय, ते यावरून कळते.

आणि निकोटिन हे मुळात आहे काय? जुन्या मंडळींना तंबाखूचा काढा आठवत असेल. तंबाखूचा चुरा भिजवून, उकळून, साबणाचे पाणी घालून माव्यावर फवारायचे. मावा पटापट मरायचा. निकोटिन सल्फेट या नावाने तर ते बाटलीतून विकलेही जाई. माणसाला ते इतके घातक की आता देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. आज तुम्ही आंब्याच्या तुडतुड्यांवर जे इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मारता, ते ज्या गटातले आहे त्याचे नावच निओनिकोटिनॉइड, म्हणजे नव्या घडणीची निकोटिनसारखी औषधे. किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालण्याची त्यांची तऱ्हा निकोटिनचीच. निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते. ओल्या तंबाखूची पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, ओकारी आणि चक्कर येते ती यामुळेच.

तेव्हा २० मिलिग्रॅम तीव्रतेची १० मिलिलिटरची बाटली म्हणजे घरात ठेवलेले २०० मिलिग्रॅम शुद्ध कीटकनाशक. त्याला आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा, पुदिन्याचा वास लावलेला असतो. हापूसच्या जिल्ह्यात आंब्याच्या वासाचे विष परदेशातून यावे, याला काय म्हणावे! पण हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल असा अर्क तोंडात गेल्याने दगावले. त्यानंतर २०१६ साली तिथे मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची सक्ती झाली. तुमच्या घरी फवारणीचे औषध कुलपात असते ना? मग ही वस्तू उशाखाली किंवा देवळीत कशी चालेल?

घरात आलीच असेल तर एवढे करा. अर्क गळत असेल तर उघड्या हाताने पुसू नका. हाताला लागला तर लगेच साबणाने धुवा. पेन चुलीत किंवा काजूच्या पाचोळ्याच्या शेकोटीत टाकू नका, आतली लिथियमची बॅटरी फुटते. विहिरीच्या काठावर तर नकोच. मुलांच्या हाती लागणार नाही असे बाजूला ठेवा आणि ग्रामपंचायतीकडे किंवा शहरात जिथे ई-कचरा घेतात तिथे द्या. मुलाने प्रेमाने आणलेली वस्तू आहे, तेव्हा त्याला रागे भरू नका. बापाने बिडी सोडावी असे त्याला वाटले, ही गोष्ट लहान नाही.

मग कोणते साधन घ्यावे? साधन आहे, कायदेशीर आहे आणि रत्नागिरीतल्या औषधाच्या दुकानात मिळते. निकोटिनची चघळायची गोळी, म्हणजे निकोटिन गम. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि आपल्या सरकारने २०२२ मध्ये निकोटिनच्या या औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. २ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमच्या गोळीला चिठ्ठी लागते. कोणती घ्यावी याची खूण सोपी आहे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तुम्ही पहिली बिडी पेटवत असाल, तर सवय खोलवर रुजलेली समजा आणि ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना विचारा. चहा, आंघोळ, देवपूजा उरकून मग बिडी आठवत असेल तर २ मिलिग्रॅम पुरते.

ही गोळी चुइंगमसारखी चावायची नसते. इथेच बहुतेकांचे बिघडते. कचाकचा चावली की सगळे निकोटिन एकदम सुटते, लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, घसा जळतो, आणि मग माणूस म्हणतो, "हे आपल्याला सोसत नाही." हळू चावा. तिखटसर चव आली, हिरडीला मुंग्या आल्या की थांबा आणि गोळी गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. मिनिटभराने चव ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. तंबाखूचा बार धरणाऱ्याला हे शिकवावे लागणार नाही! अर्ध्या तासात गोळीतला दम संपतो, मग ती कागदात गुंडाळून टाका. कोंबड्या किंवा मुले उचलतील अशी टाकू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या कोकणापुरती विशेष. तोंड आंबट असेल तर निकोटिन गालातून रक्तात शिरत नाही. म्हणून गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, लिंबाचे पाणी, कॉफी, चहा यांतले काहीही नको. फवारणीच्या पाण्याचा सामू चुकीचा असला की औषध फुकट जाते, हे तुम्ही ऐकले आहे, तोंडाचेही तसेच. भर दुपारी सोलकढीवर गोळी चघळायची आणि गुण येत नाही म्हणायचे, याला अर्थ नाही.

मात्रा कशी ठेवायची ते पाहा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला नऊ-दहा तरी. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी एक. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात चार ते आठ तासांनी एक, मग बंद. दिवसाला चोवीसच्या वर कधीही नाही. लोक चुकतात ते जास्त घेऊन नव्हे, कमी घेऊन. तलफ अनावर झाल्यावर एखादी गोळी तोंडात टाकायची, चौथ्या दिवशी पुन्हा बिडी. अर्ध्या मात्रेची फवारणी केली की तुडतुडा मरत नाही, औषधाचे पैसे मात्र जातात, तोच प्रकार. हिशेबाचेही खरे सांगतो. बिडीच्या बंडलापेक्षा गोळ्या महाग पडतात. पण गोळ्यांचा खर्च तीन महिन्यांचा, बिडीचा हयातभराचा, आणि दम्याच्या औषधांचा त्यानंतरचा. विकत घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जरूर विचारा. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना सल्ला देणे हे तिथल्या कामात येते.

ज्यांचे दात हलतात किंवा कवळी आहे, त्यांना गोळीपेक्षा पट्टी बरी. सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी चिकटवायची, रोज जागा बदलायची. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला साधारणपणे सहा आठवडे २१ मिलिग्रॅमची, मग दोन आठवडे १४ ची आणि दोन आठवडे ७ ची. घामाने ती सुटते, म्हणून झाडावर चढण्याआधी तपासा. याखेरीज डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी, निकोटिन नसलेली औषधेही आहेत. गरोदर बाई, अठराच्या आतले मूल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला किंवा छातीत दुखणारा माणूस यांनी आपल्या मनाने यातले काहीच सुरू करू नये.

एक बदल मात्र कोणी करू नका, आणि आपल्याकडे नेमका तोच होतो. बिडी सुटते आणि हाती तंबाखू-चुन्याची डबी येते, किंवा घरातल्या बाईच्या मिश्रीत बोट जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांत धूर ओढणारे चारसुद्धा भरले नाहीत, तोंडात तंबाखू धरणारे मात्र चोवीस निघाले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी काय चालते ते तुम्ही मला सांगायला नको. छातीतला रोग गालात आणायचा, एवढेच त्यातून साधते. भगिनींनो, मिश्री हा तंबाखूच आहे, भाजलेला. दात घासण्यासाठी म्हणून सुरू होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा लागते. गरोदरपणी ती लावली तर मूल कमी वजनाचे जन्मते. गोळीचे आणि पट्टीचे जे वर सांगितले, त्याविषयी मिश्री सोडू पाहणाऱ्या बाईनेही डॉक्टरांना विचारावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

जाता जाता शेतीचे दोन शब्द, नाही तर वरिष्ठ म्हणतील हा कृषी अधिकारी की डॉक्टर! मिरची आणि टोमॅटोच्या रोपवाटिकेत बिडी ओढणाऱ्या हातांनी काम केले तर तंबाखूतला मोझॅक रोगाचा विषाणू रोपांना लागतो. तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये. फवारणी करताना पेटवलेली बिडी म्हणजे तर हाताला लागलेले औषध ओठांनी चाखणे. गोळीसुद्धा हात न धुता तोंडात घालू नका. आणि मार्च-एप्रिलात वाळलेल्या गवतात पडलेल्या एका थोटकाने काजूची कलमे कशी जळतात, हे ज्याची जळली त्याला विचारावे.

सोडण्याचा दिवस आधी ठरवा आणि घरात सांगून ठेवा. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे निवळते. तलफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात गुरांना पाणी दाखवून या, नाही तर १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक लावा. बिडी-सिगारेटच्या पुडक्यावरच तो छापलेला असतो, कोणी वाचत नाही एवढेच. शिमगा आणि गणपती हे दिवस टाळा, मुंबईकर मंडळी येतात आणि अंगणात पाकिटे फिरतात. मला विचाराल तर भातलावणीचा आठवडा धरा. सकाळपासून हात चिखलात, अंगावर पाऊस, खिशातली बिडी ओली, काडी पेटत नाही. अर्धे काम पाऊसच करतो. गोळ्या मात्र मृगाच्या आधीच रत्नागिरीहून आणून ठेवा, लावणी सुरू झाली की कोणाला जायला सवड होत नाही.